कारले

कडू चव ही मनुष्याला निसर्गाने दिलेली इशाऱ्याची खूण होय. वनस्पतींमधील अनेक विषारी द्रव्ये कडू असतात आणि म्हणूनच तान्हे मूलही कडू थेंब जिभेला लागताच तोंड वाकडे करते. असे असताना केवळ कडूपणासाठीच प्रसिद्ध असलेले एक फळ भारतातील जवळजवळ सर्व प्रांतांत आवडीने खाल्ले जाते, परसात मुद्दाम लावले जाते आणि औषध म्हणून जपून ठेवले जाते. हे फळ म्हणजे कारले.

या वेलाची नावे भारतीय भाषांत मोठ्या संख्येने आढळतात. संस्कृतात त्यास कारवेल्ल असे म्हटले आहे. मराठीतील कारले, हिंदीतील करेला, गुजरातीतील कारेला आणि बंगालीतील करला या नावांचे परस्परांशी असलेले नाते सहज लक्षात येते. बंगालमध्ये लहान आकाराच्या कारल्याला 'उच्छे' असे निराळे नाव आहे. असमिया भाषेत त्यास तिता केरेला, ओडियात कलरा, कोंकणीत कारातें, तेलुगूत काकरकाय, कन्नडमध्ये हागलकाई, तमिळमध्ये पावक्काय किंवा पागर्काय आणि मलयाळममध्ये पावक्का किंवा कैप्पक्का म्हणतात. प्रत्येक प्रदेशाने या वेलाला आपले स्वतंत्र नाव द्यावे, यावरून त्याचा जनजीवनाशी असलेला संबंध किती जुना आहे याची कल्पना येते.

कुल आणि मूलस्थान

काकडी, भोपळा, दुध्या, दोडका, पडवळ, तोंडली, कलिंगड व खरबूज ही सर्व ज्या कुलात मोडतात, त्या कूष्मांड कुलातच (कुकर्बिटेसी) कारल्याचाही समावेश होतो. या कुलात सुमारे एक हजार जाती असून त्यांपैकी बहुसंख्य उष्ण प्रदेशांत वाढणारे वेल आहेत. कारल्याचे शास्त्रीय नाव मोमॉर्डिका चरँशिया असे आहे. मोमॉर्डिका हे प्रजातीचे नाव 'चावणे' या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आले आहे. या प्रजातीतील बियांच्या कडा कोणीतरी दातांनी कुरतडल्याप्रमाणे दिसतात, म्हणून हे नाव पडले असे मानले जाते. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीअस याने 1753 साली या जातीचे नामकरण केले. परंतु त्यापूर्वीच भारतातील कारल्याची चित्रे व वर्णन युरोपात पोहोचले होते. मलबारचा डच अधिकारी हेन्‍रिक व्हान ऱ्हीडे याने केरळातील वैद्यांच्या साहाय्याने सिद्ध केलेल्या 'हॉर्टस मलबारिकस' या ग्रंथाचे बारा खंड 1678 ते 1693 या काळात ॲम्स्टरडॅम येथे प्रसिद्ध झाले. त्यात 'पावेल' आणि 'पांडी-पावेल' या मलबारी नावांनी कारल्याच्या वेलांचा अंतर्भाव केलेला आहे.

मोमॉर्डिका प्रजातीत सुमारे साठ जाती असून त्यांपैकी बहुतेक आफ्रिका खंडातील आहेत. या जातींच्या आनुवंशिक द्रव्याचा तौलनिक अभ्यास 2010 साली प्रसिद्ध झाला. त्यावरून या प्रजातीचा उगम आफ्रिकेच्या उष्ण प्रदेशात झाला आणि कारल्याचे रानटी पूर्वजही तेथीलच, असे अनुमान निघते. मात्र रानटी वेलातून मोठ्या फळांची भाजी तयार करण्याचे काम आशियातील शेतकऱ्यांनी केले. आजही लागवडीतील कारल्याचे दोन प्रकार स्पष्टपणे ओळखता येतात. एक लांबट व मोठ्या फळांचा, तर दुसरा बोटाच्या पेरांएवढ्या, गोलसर व अधिक खडबडीत फळांचा. हा दुसरा प्रकार रानटी रूपाला अधिक जवळचा आहे.

भारतात कारल्याचे काही आप्तही आढळतात. त्यांपैकी कर्टोली (मोमॉर्डिका डायोइका) विशेष परिचित आहे. जमिनीतील कंदापासून पावसाळ्यात दरवर्षी नवा वेल फुटतो आणि त्याची काटेरी पण मुळीच कडू नसलेली फळे सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या बाजारांत विक्रीस येतात. कर्टोलीचे नरवेल व मादीवेल वेगवेगळे असतात; कारल्यात मात्र दोन्ही प्रकारची फुले एकाच वेलावर येतात. पश्चिम घाटातील मोमॉर्डिका सह्याद्रिका या जातीचे वर्णन तर 2007 साली, म्हणजे अगदी अलीकडे, प्रसिद्ध झाले.

वेलाचे वर्णन

कारल्याचा वेल वर्षायू, नाजूक आणि झपाट्याने वाढणारा असतो. खोड बारीक, कंगोरेदार व थोडेसे लवयुक्त असते. पाने एकाआड एक, लांब देठाची, हाताच्या पंजासारखी असून पाच ते सात खंडांत खोलवर विभागलेली असतात. पान चुरगळले असता एक विशिष्ट उग्र वास येतो.

पानाच्या बगलेजवळून निघणारे तणावे हे या वेलाचे हात होत. कारल्याचा तणावा सामान्यतः साधा, म्हणजे शाखा नसलेला असतो. त्याचे टोक हवेत हळूहळू फिरत राहते. काडी, तार किंवा दोरी यांचा स्पर्श होताच ते तिच्याभोवती वळसे घेऊ लागते. आधार मिळाल्यावर तणाव्याचा मधला भाग स्प्रिंगप्रमाणे गुंडाळला जातो व वेल आधाराकडे ओढला जातो. तणाव्याची दोन्ही टोके आता जखडलेली असल्यामुळे तो एकाच दिशेने गुंडाळला गेला असता, तर त्याला पीळ पडून तो तुटला असता. म्हणून अर्धे वेढे एका दिशेने व अर्धे विरुद्ध दिशेने पडतात आणि दोहोंमध्ये एक छोटासा सरळ भाग राहतो. कोणत्याही मांडवावर हे बारकाईने पाहता येते. कूष्मांड कुलातील वेलांच्या या हालचालींचा चार्ल्स डार्विनने आपल्या आजारपणात घरातच बसून अभ्यास केला होता व त्याचे निष्कर्ष 1865 साली प्रसिद्ध झाले. वाऱ्याने मांडव हलला तरी वेल तुटत नाही, याचे श्रेय या स्प्रिंगलाच द्यावे लागते.

फुले पिवळी, पाच पाकळ्यांची व एकेकटी येतात. प्रत्येक फुलाच्या देठावर एक लहानसे पानासारखे छद असते. नरफुले प्रथम येतात व त्यांची संख्याही मादीफुलांपेक्षा पुष्कळच अधिक असते. मादीफूल ओळखणे सोपे असते, कारण त्याच्या पाकळ्यांखाली बोटभर लांबीची कारल्याची खडबडीत प्रतिकृती आधीपासूनच दिसत असते. हाच त्याचा किंजपुट होय. फुले पहाटे उमलतात आणि दुपारपर्यंत कोमेजतात. तेवढ्या अवधीत मधमाश्यांनी व इतर कीटकांनी पराग वाहून नेला नाही, तर फळ धरत नाही. म्हणूनच फुलोऱ्याच्या काळात सकाळी कीटकनाशके फवारणारा शेतकरी स्वतःचेच नुकसान करून घेत असतो.

कोवळे फळ हिरवे किंवा पांढरट असून त्यावर लांबट कंगोरे व लहानमोठे उंचवटे असतात. भाजीसाठी ते या अवस्थेतच तोडले जाते. वेलावर राहिल्यास ते नारिंगी होते, टोकाकडून तीन पाळ्यांत उकलते आणि आतून रक्तवर्णी आवरणात गुंडाळलेल्या बिया उघड्या पडतात. हे लाल आवरण चवीला गोड असते. टोमॅटोला लाल रंग देणारे लायकोपीन हे द्रव्य त्यात भरपूर असते. बी परिपक्व होईपर्यंत फळाने कडूपणाने आपले रक्षण करावे आणि बी तयार होताच गोडव्याने पक्ष्यांना आमंत्रण द्यावे, अशी ही योजना आहे.

लागवड

कारल्याला उष्ण हवा, निचऱ्याची जमीन व भक्कम आधार लागतो. भारतात उन्हाळी व पावसाळी अशा दोन्ही हंगामांत त्याची लागवड होते. बीचे कवच कठीण असल्यामुळे पेरणीपूर्वी ते रात्रभर पाण्यात भिजत घालण्याची पद्धत आहे. पेरणीपासून सुमारे दोन महिन्यांत पहिली फळे तोडणीस येतात व त्यानंतर दर तीन-चार दिवसांनी तोडणी करावी लागते, कारण एखादे फळ पिकू दिल्यास पुढील फळधारणा मंदावते. महाराष्ट्रातील भोंडल्याच्या एका गाण्यात माहेरी जाण्यास आतुर झालेल्या सुनेला सासू कारल्याचा वेल लावण्यास सांगते व त्याची एकेक अवस्था पार पडेपर्यंत तिला थांबवून धरते. बी रुजण्यापासून भाजी शिजेपर्यंतचा हा क्रम वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीनेही अचूक आहे; दोन महिन्यांचा तो काळ सुनेला किती दीर्घ वाटत असेल, हे सांगावयास नको.

दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने 'पुसा दो मौसमी' व 'पुसा विशेष', बंगळुरूच्या उद्यानसंशोधन संस्थेने 'अर्का हरित', दापोलीच्या कृषी विद्यापीठाने 'कोकण तारा', तर राहुरीच्या कृषी विद्यापीठाने 'हिरकणी' व 'फुले ग्रीन गोल्ड' हे वाण विकसित केले आहेत. या पिकाचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे फळमाशी. मादी माशी कोवळ्या फळाच्या सालीखाली अंडी घालते व अळ्या आतला गर खातात. किडलेली फळे गोळा करून नष्ट करणे, लहान फळांवर कागदी पिशव्या चढविणे आणि नर माश्यांना आकर्षित करणाऱ्या गंधाचे सापळे लावणे, हे उपाय फवारणीपेक्षा अधिक श्रेयस्कर ठरतात.

आहारातील स्थान

बंगाली भोजनाचा प्रारंभ कडू पदार्थाने करण्याची प्रथा आहे. कारले व इतर भाज्यांचा 'शुक्तो' हा पदार्थ या प्रथेतूनच आला. पंजाबात मसाला भरून दोऱ्याने बांधलेली कारली तळतात, गुजरातेत गुळाची जोड देतात, तर केरळात चकत्या वाळवून ठेवतात. महाराष्ट्रात चिंचगुळाच्या रसात शिजविलेली भाजी व कुरकुरीत काचऱ्या सर्वपरिचित आहेत. भारताबाहेर चीन, व्हिएतनाम, फिलिपीन्स आणि जपानच्या दक्षिणेकडील ओकिनावा बेट येथेही कारले रोजच्या आहारात असते.

चिरलेल्या कारल्याला मीठ लावून ठेवण्याची रीत सर्वत्र आढळते. मिठामुळे पेशींतील पाणी बाहेर येते व त्याबरोबर कडू द्रव्याचा काही अंश निघून जातो. तथापि कडू तो कडूच, ही म्हण खोटी ठरत नाही. कारल्यात क जीवनसत्त्व चांगल्या प्रमाणात असते. ताज्या फळाच्या शंभर ग्रॅमांत ते साधारण 80 ते 90 मिलिग्रॅम भरते. मात्र फार वेळ शिजविल्याने त्याचा बराचसा नाश होतो.

परंपरागत औषधी उपयोग

सोळाव्या शतकातील 'भावप्रकाश' या ग्रंथात भावमिश्रांनी कारवेल्लाचे गुण सांगितले आहेत. त्यांच्या मते ते थंड, हलके, सारक व कडू असून ज्वर, पित्त, कफ, रक्तदोष, पांडुरोग, मेह आणि कृमी यांचा नाश करते. मेह या शब्दाने मूत्रविकारांचा एक मोठा वर्ग सूचित होतो व मधुमेहाचा समावेश त्यातच होतो. घरगुती वैद्यकात पानांचा रस जंतांवर व पित्त पाडण्यासाठी देत. पानांचा लेप भाजलेल्या जागी व त्वचारोगांवर लावीत. मुळाचा उपयोग मूळव्याधीवर करीत. जमेकामध्ये 'सेरासी' या नावाने पानांचा काढा ज्वरावर व रक्तशुद्धीसाठी पितात, तर पश्चिम आफ्रिका आणि ब्राझील येथील लोकवैद्यकातही या वेलाला स्थान आहे. एकमेकांशी फारसा संपर्क नसलेल्या समाजांनी ज्वर, जंत व त्वचाविकार यांवर एकाच वनस्पतीची निवड करावी, ही गोष्ट संशोधकांचे लक्ष वेधून घेणारी ठरली. तथापि एखादा उपचार पुष्कळ ठिकाणी रूढ आहे, एवढ्यावरून तो गुणकारी आहे असे सिद्ध होत नाही. तो तपासून पाहण्यास योग्य आहे, इतकेच त्यावरून म्हणता येते.

कारले आणि मधुमेह

कारल्याचा कडूपणा मोमॉर्डिसीन आणि त्यासारख्या ट्रायटर्पीन वर्गातील द्रव्यांमुळे येतो. मधुमेहावरील त्याच्या परिणामाचा शोध घेताना शास्त्रज्ञांना तीन दिशा सापडल्या. पहिली दिशा 'चरँटिन' या द्रव्याची. 1960 नंतरच्या दशकात मुंबईच्या संशोधकांनी कारल्याच्या फळातून रक्तशर्करा कमी करणारे एक द्रव्य वेगळे केले व त्याचे प्राण्यांवरील परिणाम नोंदविले. चरँटिन हे स्टेरॉल वर्गातील दोन ग्लुकोसाइडांचे मिश्रण असल्याचे पुढे आढळून आले. दुसरी दिशा 'पॉलिपेप्टाइड-पी' या प्रथिनसदृश पदार्थाची. त्याविषयीचे भारतीय संशोधन 1981 साली प्रसिद्ध झाले आणि 'वनस्पतिज इन्सुलिन' या नावाने त्याची बरीच वाहवा झाली. तिसरी दिशा कडू ट्रायटर्पिनांचीच. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या वर्गातील काही द्रव्ये स्नायू व चरबी यांच्या पेशींना ग्लुकोज आत घेण्यास प्रवृत्त करतात, असे दिसून आले.

या शोधांचा अर्थ नीट समजून घेणे आवश्यक आहे. पॉलिपेप्टाइड-पीचा परिणाम दिसला तो त्वचेखाली टोचून दिल्यावर. इन्सुलिनप्रमाणेच असे पदार्थ पोटात गेल्यास पाचकरसांनी त्यांचे तुकडे होतात. म्हणून कारल्याचा रस पिणे म्हणजे इन्सुलिन घेणे, असे मानणे ही मोठीच चूक होय. तसेच पेशींवर किंवा उंदरांवर दिसलेला परिणाम मनुष्यात तेवढ्याच प्रमाणात दिसेल याची शाश्वती नसते.

मनुष्यांवरील चाचण्यांचे चित्र संमिश्र आहे. थायलंडमध्ये झालेल्या व 2011 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत रोज दोन ग्रॅम सुक्या कारल्याने चार आठवड्यांत रक्तशर्करेच्या एका मापात घट झाली. परंतु ही घट मेटफॉर्मिन या नेहमीच्या औषधाने होणाऱ्या घटीपेक्षा कमी होती. 2012 साली कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संघटनेने उपलब्ध चाचण्यांचे परीक्षण केले. निकषांना उतरणाऱ्या चारच चाचण्या मिळाल्या आणि त्यांत मिळून 479 रुग्ण होते. मधुमेहावरील उपचार म्हणून कारल्याची शिफारस करण्याइतका पुरावा नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला. कारल्यात गुण नाही असे यावरून ठरत नाही. परंतु कोणत्या वाणाचे, किती आणि कोणत्या रूपात घ्यावे याचे उत्तर अद्याप मिळालेले नाही.

हा प्रश्न केवळ विद्वत्तेचा नाही. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे दहा कोटी लोकांना मधुमेह आहे. त्यांपैकी कित्येकांच्या स्वयंपाकघरात सकाळी कारल्याचा रस काढला जातो. ज्यांच्या शरीरात इन्सुलिन मुळीच तयार होत नाही, अशा रुग्णाने, विशेषतः बालकाने, या रसावर विसंबून इन्सुलिन बंद केल्यास काही दिवसांतच जिवावर बेतते. याउलट, औषधे चालू असतानाच भरपूर रस घेतल्यास साखर अपेक्षेपेक्षा खाली जाऊ शकते. 1979 साली ब्रिटनमधील डॉक्टरांनी अशाच एका महिलेची हकीकत 'लॅन्सेट' या नियतकालिकात नोंदविली होती. ती क्लोरप्रोपामाइड हे मधुमेहाचे औषध घेत होती आणि आहारातील कारल्याचा परिणाम त्या औषधाच्या परिणामात मिसळत होता. भाजी म्हणून कारले खाण्यास या रुग्णांना प्रत्यवाय नाही; परंतु रस, भुकटी किंवा गोळ्या औषध म्हणून घ्यावयाच्या असतील, तर ते डॉक्टरांना सांगितलेच पाहिजे.

सावधगिरी

कारल्याच्या बियांत व्हायसीन नावाचे द्रव्य असते. ज्यांच्या रक्तातील तांबड्या पेशींत विशिष्ट विकराची जन्मजात उणीव असते, त्यांना ते अपायकारक ठरू शकते. बियांतील मोमॉर्चरिन या प्रथिनांचा गर्भावर घातक परिणाम प्राण्यांमध्ये दिसून आला आहे. गर्भवती स्त्रीने कारल्याचा रस घेऊ नये, हा लोकवैद्यकातील निषेध म्हणूनच पाळण्याजोगा आहे. लहान मुलांना पानांचा काढा पाजल्याने साखर एकाएकी खाली जाऊन बेशुद्धी आल्याच्या नोंदीही वैद्यकीय साहित्यात आहेत.

आणखी एक धोका कारल्याच्या आप्ताकडून संभवतो. दुध्या हे फळ एरवी गोडसर असते. परंतु काही वेळा एखादे फळ कडू निघते. हा कडूपणा कुकर्बिटॅसिन या विषारी द्रव्याचा असतो. 2010 साली दिल्लीत असा रस प्यायल्याने एका शास्त्रज्ञाचा मृत्यू झाला. त्यानंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञांनी या प्रश्नाचा अभ्यास केला. दुध्याचा तुकडा आधी चाखून पाहावा, कडू लागल्यास रस काढू नये, दुध्याच्या रसात दुसरा रस मिसळू नये आणि रस प्यायल्यावर मळमळ, उलटी किंवा अस्वस्थता जाणवल्यास ताबडतोब रुग्णालयात जावे, असा त्यांचा सल्ला आहे. या सल्ल्याचे मर्म कारल्याच्या संदर्भात चटकन ध्यानात येते. दुध्याच्या रसात कारल्याचा रस मिसळला, तर कडूपणा कारल्याचा आहे की विषारी दुध्याचा, हे जिभेला ओळखता येत नाही आणि निसर्गाने दिलेला इशाराच निरुपयोगी होतो.

कारल्याचा कडूपणा मनुष्याने ओळखीचा करून घेतला, ही शतकानुशतकांच्या अनुभवाची फलश्रुती आहे. कोणते फळ कोवळे तोडावे, बिया केव्हा काढून टाकाव्यात, कोणाला द्यावे व कोणाला देऊ नये, हे ज्ञान परसातल्या मांडवाखाली एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे आले. त्यात चाचणीच्या कसोटीची भर पडत आहे. ताटात भाजी म्हणून कारल्याचे स्थान निर्विवाद आहे. औषधाच्या कपाटातील त्याचे स्थान मात्र ही कसोटी पूर्ण झाल्यावरच ठरेल. तोपर्यंत मधुमेही मनुष्याने कारले जरूर खावे आणि आपले औषधही नियमितपणे घ्यावे, हाच शहाणपणाचा मार्ग होय.